कदाचित वारलेला लेखक

रॉबर्ट अँटन विल्सन हा अमेरिकन लेखक दोनदा वारला.

पहिल्यांदा २२ फेब्रुवारी १९९४ ला. 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या नावाने एक मृत्युलेख इंटरनेटवर फिरला. लेखक राहत्या घरी मृतावस्थेत सापडले, वगैरे. इंटरनेट तेव्हा रांगत होतं, तरी बातमी पसरली आणि चाहते हळहळले. विल्सन त्या वेळी घरात बसून कादंबरी टाइप करत होता. पुढच्या वर्षी त्याच्या आत्मकथनाचा तिसरा खंड आला. उपशीर्षक होतं 'माझं मरणोत्तर आयुष्य', आणि सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलं की विश्वसनीय सूत्रांनुसार मी अमुक तारखेला मेलो, पण त्या वेळी मला विशेष काही जाणवलं नाही.

दुसऱ्यांदा ११ जानेवारी २००७ ला, पहाटे, कॅलिफोर्नियातल्या कॅपिटोला गावी. हे मरण खरं होतं. पंचाहत्तरी एका आठवड्यावर आली होती.

आपल्याकडे लेखक गेला की श्रद्धांजलीचे शब्द तयारच असतात. कधीही भरून न निघणारी पोकळी, निखळलेला तारा, एका युगाचा अंत. विल्सनच्या चाहत्यांनी यातलं फारसं काही वापरलं नाही. ते एकमेकांना म्हणाले, 'लझान्या उडता ठेवा'. कुणी म्हणालं, 'जय एरिस'. कुणी नुसतंच 'फ्नॉर्ड'. आणि बरेच जण मृत्यूच्या तारखेतून २३ हा आकडा काढायच्या खटपटीला लागले. बाहेरच्या माणसाला वाटावं, एक म्हातारा माणूस वर्षानुवर्षांच्या आजारपणानंतर गेलाय आणि यांना थट्टा सुचतेय. तसं नव्हतं. पण ते का नव्हतं हे समजायचं तर विल्सन आयुष्यभर काय उद्योग करत होता तिथून सुरुवात करावी लागते. (त्याला 'अहो-जाहो' का नाही, असं कुणी विचारेल. त्याच्या पंथात पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अधिकृत पोप आहे. सगळेच पोप म्हटल्यावर मानाचा प्रश्न मिटतो.)

जन्म १९३२ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आयरिश कॅथलिक घर. लहानपणी पोलिओ झाला, त्यातून तो बराचसा सावरला. १९६५ ते १९७१ या काळात तो 'प्लेबॉय' मासिकात संपादक होता. ते मासिक चित्रांसाठी खपायचं हे खरं, पण त्यात नागरी स्वातंत्र्यावरच्या वाचकपत्रांचं एक गंभीर सदरही होतं. ती पत्रं विल्सन आणि त्याचा सहकारी रॉबर्ट शे चाळायचे. त्यांत काही पत्रं ठरलेली असायची: जगाचा कारभार पडद्याआडून अमक्या गुप्त मंडळाकडे आहे, आणि पुराव्यादाखल हे पाहा. एका पत्रातला कट दुसऱ्यातल्या कटाला सरळ छेद द्यायचा. एके दिवशी दोघांच्या डोक्यात आलं, समजा ही सगळीच पत्रं खरी असली तर?

त्या प्रश्नातून तीन खंडांची 'इल्युमिनेटस!' ही कादंबरी जन्माला आली. ती १९७५ साली छापली गेली, तीही प्रकाशकाने जवळपास पाचशे पानं कापून. नावातली इल्युमिनाटी ही मंडळी खरोखर होऊन गेली. जर्मनीतल्या बव्हेरियात १ मे १७७६ ला ॲडम वाइसहाउप्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने ही गुप्त संघटना काढली आणि दहाएक वर्षांत सरकारने तिच्यावर बंदी घातली. पण संघटना संपली आणि अफवा मोकाट सुटली. ती अजूनही मोकाटच आहे.

'फ्नॉर्ड' या कादंबरीतला. त्या जगात शाळेतल्या पोरांना संमोहन करून पढवलेलं असतं की हा शब्द छापलेला दिसला तर तो दिसता कामा नये, पण पोटात एक बारीक गोळा मात्र यायला हवा. वर्तमानपत्रं फ्नॉर्डने खच्चून भरलेली असतात. जाहिरातींत तो औषधालाही नसतो. त्यामुळे बातम्या वाचून माणूस कारण न कळता घाबराघुबरा होतो आणि जाहिरातीपाशी आला की त्याला हायसं वाटतं. रात्री नऊची वृत्तवाहिनी आणि मध्येच येणारी साबणाची जाहिरात डोळ्यांपुढे आणा, मग या कल्पनेला पन्नास वर्षं झाली यावर विश्वास बसणार नाही. त्या दिवशी एका चाहत्याने दुसऱ्याला 'फ्नॉर्ड' म्हटलं त्याचा अर्थ एवढाच: तो शब्द मला दिसतो, तुलाही दिसतो, आणि दाखवला त्याने.

'जय एरिस'ची गोष्ट याच्याही मागची. एरिस ही ग्रीकांची कलहदेवता. लग्नाचं आमंत्रण दिलं नाही म्हणून रुसलेल्या या बाईने 'सर्वांत सुंदर असेल तिला' असं कोरलेलं सोन्याचं सफरचंद लग्नमंडपात भिरकावलं. तीन देवी त्यावरून भांडल्या आणि शेवटी ट्रॉयचं युद्ध झालं. १९५० च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातल्या ग्रेग हिल आणि केरी थॉर्नली या दोन तरुणांनी ठरवलं की पूजायचीच तर हिला पूजू या. त्यांनी 'डिस्कॉर्डियन' नावाचा पंथ काढला. थट्टेचं पांघरूण घेतलेला धर्म की धर्माचं पांघरूण घेतलेली थट्टा, यावर पंथातही एकमत नाही, आणि एकमत नसणं हेच त्यांचं व्रत. त्यांच्या पोथीचं नाव 'प्रिन्सिपिया डिस्कॉर्डिया'. तिच्यात पाच आज्ञा आहेत. पाचवी अशी की डिस्कॉर्डियन माणसाला जे वाचेल त्यावर विश्वास ठेवायला मनाई आहे.

आता ही आज्ञाही तुम्ही वाचलीतच. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? इथे डोकं जरासं अडखळतं, आणि नेमकं तेच त्यांना हवं असतं. कटाच्या खोट्या बातम्या पेरायच्या, नियतकालिकांना बनावट पत्रं पाठवायची आणि वाचणाऱ्याला स्वतःच विचार करायला भाग पाडायचं, अशी एक मोहीमच हिल, थॉर्नली, विल्सन आणि मित्रमंडळींनी चालवली. मोहिमेचं मूळ इंग्रजी नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही. आपण तिला 'डोकं भंजाळणं' म्हणू.

याच पोथीत पाच प्रेषित आहेत आणि त्यांतला एक आपल्या घरचा निघतो. त्याचं नाव श्री स्यादस्ति. पूर्ण नाव म्हणजे जैन सप्तभंगीची, म्हणजे एकाच गोष्टीबद्दलच्या सात तऱ्हेच्या विधानांची, अख्खी आगगाडी: स्यादस्ति, स्यान्नास्ति, स्यादवक्तव्य, एकाला एक जोडलेले डबे. आणि पोथी त्याचा अर्थ सांगते: प्रत्येक विधान काही अर्थाने खरं असतं, काही अर्थाने खोटं आणि काही अर्थाने निरर्थक. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल आणि लगेच एक दुरुस्तीही सुचेल. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने', 'एका बाजूने पाहता'. घडा मातीच्या अपेक्षेने आहे, सोन्याच्या अपेक्षेने नाही. यात शंका कुठेच नाही, फक्त कुठून पाहताय ते सांगण्याचा प्रामाणिकपणा आहे. विल्सनचा 'कदाचित' याहून साधा, रस्त्यावरचा. पण दोघांचं भांडण एकाशीच: 'हे असंच आहे' म्हणून टेबलावर मूठ आपटणाऱ्याशी.

त्याच्या विचाराचा गाभा सोप्या शब्दांत असा. आपल्याला जग दिसत नाही, आपल्याला बोगद्यातून दिसणारा जगाचा तुकडा दिसतो. 'वास्तवाचा बोगदा' हा शब्द त्याने मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरीकडून उचलला. बोगदा बनतो घर, भाषा, जात-धर्म, शाळा, वर्तमानपत्र यांतून. बोगद्याबाहेर पडता येत नाही, पण आपण बोगद्यात आहोत हे लक्षात ठेवता येतं आणि अधूनमधून दुसऱ्याच्या बोगद्यात डोकावता येतं. त्यासाठी त्याने एक भाषिक पथ्य सुचवलं. इंग्रजीतलं 'आहे' शक्यतो टाळायचं. 'तो मूर्ख आहे' म्हणू नका; 'काल तो मला मूर्खासारखा वागताना दिसला' म्हणा. दुसरं वाक्य लांबतं खरं, पण त्यात बोलणारा सापडतो, कालची वेळ सापडते आणि त्या बिचाऱ्याला उद्या शहाणं व्हायला जागा उरते. मराठीत हे पथ्य पाळणं जास्त अवघड, कारण आपलं 'आहे' गाळलं तरी तिथेच असतं. 'तो? बावळट.' झालं.

आता २३. ही गोष्ट विल्सनने लेखक विल्यम बरोजकडून ऐकली. मोरोक्कोतल्या टँजियरला क्लार्क नावाचा एक कप्तान होता. तेवीस वर्षं बोट चालवली, एक अपघात नाही, अशी फुशारकी त्याने मारली आणि त्याच दिवशी त्याची बोट बुडाली. संध्याकाळी रेडिओवर विमान कोसळल्याची बातमी: उड्डाण क्रमांक २३, वैमानिक कॅप्टन क्लार्क. बरोज २३ ची टिपणं ठेवू लागला, मग विल्सन, मग त्याचे वाचक. ज्याने शोधलं त्याला जिकडेतिकडे २३ सापडला.

हे कसं घडतं ते त्याच्या मृत्यूच्या तारखेवरच करून पाहू. ११ तारीख, पहिला महिना: ११ आणि १ मिळून १२. २००७ चे अंक मिळून ९. एकूण २१. दोन कमी पडले. पण थांबा, शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला जगायला 'दोन दिवस ते दोन महिने' दिले होते. त्यातले दोन घ्या. झाले तेवीस. हात सैल सोडला तर कुठल्याही तारखेतून कुठलाही आकडा निघतो, आणि काढणाऱ्याला क्षणभर खरंच शहारा येतो. विल्सनला लोकांना तो शहारा द्यायचा होता आणि लगेच मागून विचारायचं होतं: बघितलंस, आकडा कोणी तयार केला?

'प्रोमिथियस रायझिंग' या १९८३ च्या पुस्तकात त्याने यावर एक घरचा अभ्यास दिलाय. एक नाणं डोळ्यांसमोर आणायचं, ते रस्त्यात सापडणारच असं मनात घट्ट धरायचं आणि चालताना शोधत राहायचं. सापडलं की त्याची दोन स्पष्टीकरणं द्यायची. एक, तुमचं लक्ष तिकडे होतं म्हणून दिसलं. दोन, तुमच्या मनाने ते नाणं निर्माण केलं. मग दोन्ही आलटून पालटून वापरून पाहायची. मी करून पाहिलं. यूपीआयच्या काळात सुटे पैसे पडणार तरी कुणाचे, असं म्हणत रोज सकाळी दूध आणायला जाताना मान खाली घालून चाललो. नवव्या दिवशी बंद पडलेल्या रसवंतीपुढच्या डांबरात अर्धा रुतलेला एक रुपया दिसला. नखाने निघाला नाही, किल्लीने उकरावा लागला. डांबरात रुतलेला म्हणजे तो तिथे निदान मागच्या उन्हाळ्यापासून असणार, आणि मी त्याच्यावरून शेकडो वेळा गेलो असणार. त्या आठ दिवसांत मला केसांच्या पिना, शर्टाची बटणं, स्कूटरचे नट आणि एक दुधाचा दातही दिसला होता. नाण्यापेक्षा मी त्यानेच जास्त हादरलो.

विल्सनशी माझं इथून पुढे थोडं वाजतं. सगळ्याला 'कदाचित' म्हणायची सवय लागली की पुरावा भक्कम आहे तिथेही जीभ 'कदाचित'च म्हणते. १९८६ साली त्याने एक अख्खं पुस्तक विज्ञानवाद्यांच्या हटवादीपणाविरुद्ध लिहिलं, आणि ते वाचताना वाटतं की इथे हा भांडणाच्या मजेपायी भांडतोय. दुसरं, इल्युमिनाटीची थट्टा करता करता या मंडळींनी इल्युमिनाटी घरोघरी पोचवली. मूळ विनोद हरवला आणि कट उरला. आज हाच कट आपल्या नात्यातल्या गटांवर रविवारी सकाळी 'सुप्रभात'च्या खाली येऊन पडतो, पुढे पाठवा अशी विनंती करत. पाचवी आज्ञा मात्र कुणी पुढे पाठवत नाही. हे पाप सगळं विल्सनच्या माथी मारता येणार नाही, पण सगळं झटकताही येत नाही.

तरीही चाहत्यांनी त्याच्यावर ज्या तऱ्हेने जीव लावला तसा निव्वळ गमत्या माणसावर लागत नाही. १९७६ मध्ये बर्कलीत त्याची मुलगी लूना काम करत होती त्या दुकानावर दरोडा पडला आणि तिला मारहाण करून ठार केलं गेलं. ती पंधरा वर्षांची होती. विल्सनने हे सगळं पुढच्याच वर्षी आलेल्या 'कॉस्मिक ट्रिगर' या पुस्तकात लिहिलं. पुस्तक विनोदाने, योगायोगांनी, परग्रहांवरून येणाऱ्या संदेशांच्या शक्याशक्यतेने भरलेलं आहे, आणि वाचता वाचता वाचक एकदम त्या दुकानापाशी येऊन पडतो. आईबापांनी मुलीचा मेंदू गोठवून जतन करायला दिला. पुढच्या काळातलं विज्ञान कदाचित काही करू शकेल म्हणून. 'कदाचित' हा शब्द तोवर वाचकाला एक बौद्धिक खेळ वाटत असतो. या पानावर तो एका बापाने हातात धरून ठेवलेला दोर होतो. ज्यांनी ते पान वाचलंय त्यांना नंतर कुणी विचारलं नाही की विल्सन मरणावर विनोद कसा करू शकतो.

शेवटची वर्षं कठीण गेली. बायको आर्लेन १९९९ साली गेली. बालपणीचा पोलिओ म्हातारपणी उलटून आला. पोलिओतून बरे झालेल्या लोकांचे स्नायू पुढे अनेक दशकांनी पुन्हा दुबळे होतात, तसं त्याचं झालं. दुखणं शमवायला तो गांजा घ्यायचा. २००२ च्या सप्टेंबरात केंद्रीय अंमली पदार्थ खात्याने सांता क्रुझमधल्या रुग्णांच्या गांजा-मळ्यावर धाड घातली, तेव्हा निषेध म्हणून तिथल्या रुग्णांना नगरपालिकेच्या अंगणात उघडपणे गांजा वाटला गेला. त्या रांगेत विल्सनही होता. पुढच्या वर्षी तो कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत स्वतःच्या पक्षातर्फे उतरला. एक तृतीयांश खासदारांच्या जागी शहामृग बसवावेत, असा त्या पक्षाचा आग्रह होता.

ऑक्टोबर २००६ मध्ये बातमी फुटली की विल्सनकडे घरभाडं द्यायलाही पैसे नाहीत. लेखक डग्लस रशकॉफने चाहत्यांना हाक दिली. पहिल्या काही दिवसांतच ६८ हजार डॉलरच्या वर रक्कम जमली, बहुतेक लहान लहान देणग्यांतून. कुठल्याही अधिकारावर, कुठल्याही संस्थेवर विश्वास ठेवू नका असं ज्याने शिकवलं, त्याचे विद्यार्थी एका हाकेत ओळीने उभे राहिले. विल्सनने आभाराच्या पत्रात विनोदी नट जॅक बेनीचं वाक्य उसनं घेतलं: माझी एवढी लायकी नाही, पण मला पायांचं दुखणंही आहे आणि त्याचीही माझी लायकी नाही.

मग ६ जानेवारी २००७ ची चिठ्ठी. वैद्यकीय अधिकारी मंडळी घरात ये-जा करतायत आणि दोन दिवस ते दोन महिने सांगतायत. मला वाटतं ते अतिशयोक्ती करतायत. मी आनंदात आहे आणि फारसा प्रभावित झालेलो नाही. तुम्हा सगळ्यांवर माझं प्रेम आहे, आणि कळकळीची विनंती, लझान्या उडता ठेवा. या थट्टेबद्दल माफ करा, मरणाला गंभीरपणे कसं घ्यायचं ते मला कळत नाही. ते विसंगत वाटतं.

लझान्या म्हणजे चीज आणि पास्त्याच्या थरांचा इटालियन पदार्थ. तो उडतो कसा, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर उत्तर द्यायला तुम्ही स्वतः पोप आहातच. पण शेवटच्या वाक्यातला शब्द बघा. मरण विसंगत 'आहे' असं तो लिहीत नाही, 'वाटतं' असं लिहितो. पाच दिवस उरलेले असतानाही पथ्य मोडलं नाही.

आणि पाच दिवसांनी चाहत्यांसमोर असं एक विधान आलं ज्याच्यापुढे 'कदाचित' लावता येत नव्हतं. घडा कुठल्याही अपेक्षेने बघितला तरी फुटलेलाच. त्यांच्यातल्या काहींना १९९४ आठवला असणार, आणि क्षणभर बरंही वाटलं असणार. पण या वेळच्या बातमीत लबाडी नव्हती. हंबरडा फोडणं हे त्याच्याकडून कुणी शिकलं नव्हतं, आणि 'पोकळी' म्हणणं त्याला हसू आणणारं. मग त्याच्याकडून मिळालेलं जे काही होतं तेच त्यांनी बाहेर काढलं: आकडा, सफरचंद, न दिसणारा शब्द, उडता लझान्या. आपल्याकडे वारकरी गेला तर टाळ-मृदंगावर अभंग म्हणत नेतात, त्याला कुणी गाण्याची हौस म्हणत नाही.

१८ फेब्रुवारीला सांता क्रुझमध्ये सगळे जमले. त्याची रक्षा तिथल्या किनाऱ्यापाशी समुद्रात सोडली, जिथे आर्लेनची सोडली होती तिथेच. महिन्याभराने लंडनमध्ये साउथबँकच्या सभागृहात एक कार्यक्रम झाला. त्यात कॉमिक्सलेखक ॲलन मूर होता, संगीतकार बिल ड्रमंड होता आणि नाटकवाला केन कॅम्पबेल होता. या कॅम्पबेलने 'इल्युमिनेटस!'चं कित्येक तासांचं नाटक लिव्हरपूलमध्ये बसवलं होतं, पडदा उघडला २३ नोव्हेंबर १९७६ ला, आणि त्याचं नेपथ्य तेव्हा तरुण असलेल्या ड्रमंडने केलं होतं.

पुढच्या वर्षी कॅम्पबेलही गेला. त्याच्या मुलीचं नाव डेझी, मधलं नाव एरिस. २०१४ च्या नोव्हेंबरात, २३ तारीख साधून, तिने लिव्हरपूलमध्येच 'कॉस्मिक ट्रिगर' रंगमंचावर आणलं, लूनासकट.